एएमएच कमी आला की थेट डोनर एग? हॉर्मोनचे आकडे नेमकं काय सांगतात?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज लिहायला बसले कारण घरात हा विषय कोणाशी बोलायची सोय नाही. वय ३३, दोन वर्षांपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी वेळेवर, ट्यूब मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट व्यवस्थित. गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका सेंटरला गेलो. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारं हॉर्मोन) ०.८. त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि डॉक्टर म्हणाले, "तुमची बीजं संपत आलीत, स्वतःच्या बीजावर पैसे घालवू नका, डोनर (दुसऱ्या स्त्रीचं बीज) घ्या, पुढच्या महिन्यात करून टाकू." सोनोग्राफीसुद्धा नीट केली नाही. बाहेर काउंटरवर पॅकेजचा कागद तयार होता.

डोनरला माझा तत्त्वतः विरोध नाही, ज्यांनी तो रस्ता घेतला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एका रक्ततपासणीवरून एवढा मोठा निर्णय? एएमएच कमी म्हणजे गर्भ राहण्याची शक्यताच कमी, असं खरंच असतं का? आणि एफएसएच, टीएसएच, प्रोलॅक्टिन, प्रोजेस्टेरॉन ही सगळी यादी काढायला लावतात, त्यातला कुठला आकडा कशासाठी बघायचा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा, कडू असला तरी चालेल.

मधुमालती

रानजाई, आधी एक घट्ट मिठी. लाल पेनाचा गोल आमच्याही फायलीत आहे. दुसरं मत घेतल्याशिवाय कुठेही सही करू नकोस, बाकी जाणकार लिहितीलच.

शिंपला

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पुण्यात लॅबमध्ये बीजं आणि गर्भ सांभाळायचं काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, रोज जे बघते ते सांगते.

अंडाशयात ज्या छोट्या छोट्या फॉलिकल्स (ज्यात बीज वाढतं त्या पिशव्या) वाढीच्या रांगेत उभ्या असतात त्यांच्या पेशी एएमएच बनवतात. म्हणजे रक्तातला आकडा बघून रांग किती लांब आहे याचा अंदाज येतो. आयव्हीएफची (बीज बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करायच्या उपचाराची) इंजेक्शनं दिली तर किती बीजं हाती लागतील, डोस किती ठेवायचा, हे ठरवायला तो फार उपयोगी आहे. पण हाती आलेलं बीज चांगलं आहे का हे तो सांगत नाही. डब्यात किती लाडू उरलेत ते कळतं, चव कशी आहे ते कळत नाही. बीजाची प्रत मुख्यतः वयावर जाते, कारण वय वाढलं की गुणसूत्रांची वाटणी चुकायचं प्रमाण वाढतं. चाळिशीच्या आसपास तयार होणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा घोळ असतो. तेहतिशीत ते प्रमाण बरंच कमी असतं, मग एएमएच ०.८ असो नाहीतर ४.

आता अभ्यास. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये ३० ते ४४ वयाच्या साधारण ७५० स्त्रिया घेऊन एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात आला. ज्यांचं एएमएच ०.७ च्या खाली होतं त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहायचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी निघालं नाही. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की ज्यांना वंध्यत्वाचा त्रास नाही त्यांच्या जननक्षमतेचं भाकीत एएमएचवरून करू नका.

दर महिन्याला बीज एकच लागतं, रांग लांब असो की आखूड.

कडुनिंब

शिंपला, माहिती चांगली आहे पण मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. तुम्ही दिलेला अभ्यास ज्यांना मूल होण्यात अडचण नव्हती अशा स्त्रियांचा आहे. रानजाई दोन वर्षं प्रयत्न करतायत, त्या त्या गटात बसत नाहीत. आमच्याकडे हेच झालं. बायकोचं एएमएच १ च्या खाली होतं, तेव्हा ती ३५ ची. सगळीकडून "काही नाही हो, एक बीज पुरतं" हे ऐकत आम्ही नैसर्गिक, मग आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), मग पुन्हा नैसर्गिक असं करत बसलो. आयव्हीएफला गेलो तेव्हा ती ३९ ची होती, बीजंही कमी आणि वयही गेलेलं. धीर देणं वेगळं आणि वेळ वाया घालवणं वेगळं. कमी एएमएच असलेल्या बाईला वाट बघत बसवू नका एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे.

शिंपला

@कडुनिंब, मुद्दा शंभर टक्के रास्त आहे आणि तो वेगळा लिहायलाच हवा होता, तुम्ही लिहिलात ते बरं झालं. तो अभ्यास "आकडा कमी म्हणजे मूल होणार नाही" या वाक्याला उत्तर देतो. "आता थांबू की उपचार घेऊ" याला नाही. दोन वर्षं झाली असतील तर थांबू नये असंच माझंही मत. पण थांबायचं नाही म्हणजे उडी मारून डोनरवर जायचं असंही नाही ना.

जगभरात कमी प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांचे गट करायला पोसायडन नावाची पद्धत वापरतात. त्यात ३५ च्या आतल्या, एएमएच १.२ च्या खाली, अशा बायकांचा गट वेगळाच काढलाय आणि त्याचं कारणच हे की संख्या कमी असली तरी त्यांच्या बीजाची प्रत वयाप्रमाणे चांगली असते. ३३ वय आणि ०.८ म्हणजे रानजाई अगदी या गटातल्या. अशांना कधी एका सायकलमध्ये दोन-चारच बीजं मिळतात, मग लागोपाठ दोन सायकल करून गर्भ साठवतात. पैसा आणि धीर दोन्ही लागतात हे खरं, पण तो एक धडधडीत पर्याय आहे आणि तो समोर ठेवायला हवा होता.

चटणीभाकर

लाडूंचं वाचून रात्री बाराला डबा उघडला गेला. 😀 बाकी धागा वाचनखूण साठवतेय, बहिणीला पाठवायचाय.

टेम्सकाठी

मी इंग्लंडात असते. एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट, युनिट बघा! इथे एएमएच पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, भारतात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. १ नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. माझ्या मावसबहिणीने माझा ६ वाचला आणि "अगं तुझं तर भरपूर आहे" म्हणून मोकळी झाली, तो तिकडच्या हिशेबाने ०.८४ होता. प्रोजेस्टेरॉनचंही तेच, तिथे ३.१८ ने गुणावं लागतं. परदेशातला आणि देशातला रिपोर्ट शेजारी ठेवून कोणी रडू नका किंवा नाचूही नका.

आणि मला बाळ झालं. स्वतःच्या बीजावर. एएमएच तोच, ६ वाला.

मधुमालती

टेम्सकाठी 🥹🥹 गोड बातमी अशी तळटीपेत देतात का!

गावकुस

माझ्या वहिनीला एएमएच कमी होतं, तिने एका वैद्यांकडून शतावरी आणि अजून कसलीशी चूर्णं घेतली, एएमएच ०.९ वरून १.४ झालं. आधी हे करून बघा, इंजेक्शनं टोचून घेण्यापेक्षा बरं.

लालपरी_४४

गावकुस, वहिनींना शुभेच्छा, पण ०.९ आणि १.४ हे एकाच लॅबचे, एकाच मशीनचे होते का? मी डायग्नोस्टिक लॅबमध्ये टेक्निशियन आहे म्हणून विचारतेय. एएमएचच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किट्सचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि एकाच बाईचा आकडाही थोडा वरखाली होतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर खाली येतो, बंद केल्यावर काही महिन्यांत वर येतो. त्यामुळे एवढ्या फरकावरून औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही. डीएचईए, ग्रोथ हॉर्मोन वगैरे हॉर्मोनांची जी भर घालतात त्यांचेही पुरावे तकलादूच आहेत, ॲलोपथीतलं आहे म्हणून मी त्यांना सोडणार नाही.

लॅबमधून रोज दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगते, कारण यावर कोणी बोलत नाही.

पहिली, बायोटिन. केसांसाठी, नखांसाठी ज्या गोळ्या बायका घेतात त्यात ५-१० मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच मशीनमधली तपासणीच बायोटिनच्या रसायनावर चालते. रक्तात ते जास्त असलं तर टीएसएच (थायरॉइडसाठीचं), एफएसएच (बीज वाढवणारं), बीटा एचसीजी (गर्भधारणेचं) खोटे कमी दिसू शकतात आणि इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त. नवीन किट्समध्ये हा त्रास कमी केलाय पण सगळीकडे नवीन किट असेलच असं नाही. मी रक्त काढताना मुद्दाम विचारते, "ताई, केसांची गोळी चालू आहे का?" दहातल्या दोघी-तिघी हो म्हणतात आणि कोणालाच ते औषध वाटत नसतं म्हणून फॉर्मवर लिहिलेलं नसतं. तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून अजून आधीपासून.

दुसरी, प्रोलॅक्टिन. धावतपळत जिना चढून आलात, घाबरलेल्या आहात, नुकत्या झोपेतून उठलात, तर वाढलेला येतो. आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन असेल तर हमखास वाढतो. आपल्याकडे त्या कॅप्सूल लोक चण्या-फुटाण्यासारख्या खातात. उठल्यावर दोनेक तास जाऊ द्या, लॅबमध्ये येऊन जरा शांत बसा, मग रक्त द्या. थोडासा वाढलेला प्रोलॅक्टिन असा पुन्हा तपासला की अनेकदा नॉर्मल निघतो.

गावकुस

लॅब एकच होती का ते विचारून सांगतो. माहितीबद्दल धन्यवाद. वहिनीचं अजून काही झालेलं नाही म्हणून काळजीपोटी लिहिलं होतं.

लालपरी_४४

काळजी पोचली. वहिनींना वैद्यांची औषधं चालू असल्याचं त्यांच्या डॉक्टरांना सांगायला सांगा, लपवू नका एवढंच.

पारिजात_वाई

माझं उलटं. पीसीओडी, एएमएच ९ च्या पुढे. सगळे म्हणायचे तुला काय कमी. पण जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असंही नाही हो, इतक्या फॉलिकल्स रांगेत पण एक धड मोठी होत नाही, पाळी दोन-दोन महिने नाही. आधी लेट्रोझोलवर (बीज तयार व्हायची गोळी) होते. (त्या गोळीवर आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी बंदी आली होती, २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात २०१४ ला अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्यात पीसीओएसमध्ये (म्हणजे पीसीओडीच) लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन या दुसऱ्या गोळीने १९.१ टक्के.) मला गोळ्यांनी नाही झालं, आयव्हीएफला गेले.

तिथे माझ्या डॉक्टरबाईंनी एएमएच बघूनच इंजेक्शनचा डोस कमी ठेवला आणि शेवटचं ट्रिगरचं (बीज पिकवणारं) इंजेक्शन एचसीजीचं न देता दुसऱ्या प्रकारचं दिलं. कारण माझ्यासारख्यांना ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन होऊ शकतं, म्हणजे अंडाशय इंजेक्शनांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतं, पोटात पाणी भरतं, ते जिवावर बेततं. सगळे गर्भ गोठवले, ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात ठेवणं) नंतरच्या महिन्यात. तेव्हा मी खूप चिडले होते की आता का नाही. नंतर कळलं की चीनमध्ये २०१६ ला यावरच अभ्यास झालाय. पीसीओएसमध्ये गोठवलेल्या गर्भाने ४९.३ टक्के जणींना बाळ झालं, ताज्या गर्भाने ४२ टक्के, आणि हायपरस्टिम्युलेशन ७.१ टक्क्यांवरून १.३ वर आलं. माझी मुलगी आता बालवाडीत आहे.

सांगायचं काय, एएमएचचा आकडा तिथे खऱ्या अर्थाने कामाला आला.

उन्हाळवाट

पारिजात, "आता का नाही" हे अगदी माझ्या मनातलं. माझी ताजी ट्रान्सफर ऐनवेळी रद्द केली कारण ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १.९ आलं. मला काउंटरवरच्या मुलीने फोनवर सांगितलं, "मॅडम तुमचं प्रोजेस्टेरॉन वाढलंय, ट्रान्सफर कॅन्सल." बस. मी आठवडाभर जेवले नाही धड, वाटलं बीजंच खराब झाली. प्रोजेस्टेरॉन तर गर्भासाठी चांगलं ना, मग वाढलं तर बिघडलं कुठे? आजतागायत मला कोणी नीट समजावलेलं नाही. शिंपला सांगू शकाल का?

शिंपला

सांगते. गर्भाशयाच्या अस्तराचं एक घड्याळ असतं आणि ते प्रोजेस्टेरॉनने सुरू होतं. नैसर्गिक महिन्यात बीज फुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, तिथून मोजून काही दिवसांनी अस्तर गर्भाला रुजवून घ्यायला तयार असतं, आणि ती तयारी थोडाच काळ टिकते. आयव्हीएफमध्ये एकाच वेळी दहा-बारा फॉलिकल्स वाढतात, प्रत्येक थोडं थोडं प्रोजेस्टेरॉन सोडते, सगळं मिळून बीज काढायच्या आधीच पातळी वर जाते. मग अस्तर पुढे निघून जातं आणि गर्भ मागे राहतो. स्पेनमध्ये चार हजारांहून जास्त सायकलींचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात १.५ च्या वर गेलं की ताज्या ट्रान्सफरमध्ये गर्भ टिकण्याचं प्रमाण घसरलेलं दिसलं. नंतर साठ हजारांच्या वर सायकली एकत्र करून बघितल्या तरी तेच निघालं.

आणि हे नीट वाचा, उन्हाळवाट: त्याच बायकांचे गर्भ गोठवून नंतर ठेवले तर हा तोटा दिसत नाही. म्हणजे बीजं खराब नव्हती. तुमची ट्रान्सफर रद्द करणं हा तुमच्या गर्भांना वाचवण्याचा निर्णय होता. हे तुम्हाला फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, ते सांगितलं नाही याचा मला आमच्या व्यवसायातली म्हणून फार राग येतो.

उन्हाळवाट

धन्यवाद हो. खरंच. नवऱ्याला वाचून दाखवलं, दोघंही रडलो. तीन गर्भ आहेत गोठवलेले.

जुनेपान

अवांतर होईल पण शिंपला यांचा प्रतिसाद वाचून लिहावंच लागतंय. ही जी युक्ती आहे ना, औषधांनी बीजं वाढवायची, गर्भ गोठवायचा आणि शरीर पूर्वपदावर आलं की नंतरच्या महिन्यात ठेवायचा, ती आपल्या देशात १९७८ मध्ये एका माणसाने केली होती. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी. इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली २५ जुलैला, आणि कोलकात्यात दुर्गा जन्मली ३ ऑक्टोबरला. इंग्लंडवाल्यांनी नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं होतं. मुखर्जींनी हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग नैसर्गिक पाळीत ठेवला. जगात आज जे सर्रास चालतं ते त्यांनी तुटपुंज्या साधनांत केलं.

सरकारने चौकशी समिती बसवली, समितीने सगळं खोटं ठरवलं. परिषदेला परदेशी जाऊ दिलं नाही, बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, तिला देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं गेलं. आणि याच आनंद कुमारांनी १९९७ मध्ये मुखर्जींच्या वह्या तपासून जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःकडे आलेलं श्रेय असं परत करणारा माणूस, मला दोघांपुढेही हात जोडावेसे वाटतात.

चटणीभाकर

जुनेपान, यावर वेगळा धागा काढाच. अंगावर काटा आला.

जुनेपान

काढतो. जाता जाता अजून एक, ती बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरुवातीला पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढायचे, कारण त्या वयात एफएसएच, एलएच ही अंडाशयाला चालना देणारी हॉर्मोनं भरपूर असतात. इटलीत त्यासाठी मठांतल्या वृद्ध नन्सकडून लघवी गोळा केली जायची. ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं त्यांच्यामुळे कितीतरी घरांत पाळणे हलले.

आडवाट_कोल्हापूर

पुरुषांच्या हॉर्मोनवर एकही अक्षर नाही अजून धाग्यात! तालमीत, जिममध्ये जाणाऱ्या पोरांनी वाचा. माझ्या आतेभावाने बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली. लग्न झालं, वर्षभर काही नाही, बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिला सासूने तीन ठिकाणी दाखवलं. शेवटी याचा रिपोर्ट काढला तर शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एफएसएच-एलएच सोडायचं बंद करतो आणि वृषणातलं उत्पादन थांबतं. "टेस्टोस्टेरॉन वाढवलं तर चांगलंच की" हा गैरसमज डोक्यातून काढा. इंजेक्शनं बंद केली, युरॉलॉजिस्टकडे उपचार घेतले, वर्षाच्या आसपास आकडे परत आले, आता त्याला मुलगा आहे. पण त्या वर्षभरात वहिनीने जे ऐकून घेतलं ते कोण भरून देणार. नवऱ्याची तपासणी पहिल्या दिवशी, बायकोच्या बरोबरीने, हा नियम करा.

मधुमालती

+१००. हे फ्रेम करून प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर लावा.

सोनसळी

थायरॉइडचं कोणी सांगेल का? टीएसएच ३.१ आहे, टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्धची) पॉझिटिव्ह. एक डॉक्टर म्हणतात गोळी घ्या, दुसरे म्हणतात गरज नाही.

टेम्सकाठी

सोनसळी, दोघांचंही म्हणणं हवेतलं नाही. इथे इंग्लंडात टॅब्लेट नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. अँटिबॉडी पॉझिटिव्ह पण थायरॉइड नॉर्मल अशा ९५२ जणींत निम्म्यांना थायरॉक्सिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. दोन्हीकडे बाळ होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे नॉर्मल असताना नुसत्या अँटिबॉडीसाठी गोळी घेऊन फायदा दिसला नाही. पण तुमचा ३.१ हा काठावरचा आहे, आयव्हीएफ करणारे बरेच डॉक्टर २.५ च्या खाली ठेवायला बघतात. आणि अँटिबॉडी असलेल्यांचं टीएसएच दिवस गेल्यावर वर जाऊ शकतं, म्हणून पाळी चुकली की लगेच टीएसएच तपासायचं हे मात्र विसरू नका.

नदीष्ट

माझा प्रश्न ट्रान्सफरच्या दिवशीच्या प्रोजेस्टेरॉनबद्दल. गोळ्यांवर अस्तर तयार केलं होतं, रक्तात ७ आलं. आमच्या डॉक्टरांनी लगेच रोजचं इंजेक्शन वाढवलं. पण मैत्रिणीच्या सेंटरला ते तपासतच नाहीत, म्हणतात खालून गोळी ठेवतो तेव्हा औषध थेट गर्भाशयात जातं, रक्तातलं बघून उपयोग नाही. खरं काय?

शिंपला

यावर आमच्या परिषदांमध्येसुद्धा दोन तट पडतात. मैत्रिणीच्या सेंटरचा तर्क बरेच दिवस सर्वमान्य होता. मग वॅलेन्सियाच्या एका गटाने २०१७ मध्ये दाखवलं की अशा गोळ्यांवरच्या सायकलमध्ये रक्तातलं ९.२ च्या खाली असेल तर गर्भ टिकण्याचं प्रमाण कमी. तेव्हापासून बरेच जण तपासून इंजेक्शन किंवा दुसरी गोळी जोडतात. कारण साधं आहे, औषधांवर तयार केलेल्या सायकलमध्ये बीज फुटलेलंच नसतं, त्यामुळे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, जे काही आहे ते बाहेरचं. मला विचाराल तर तुमच्या डॉक्टरांनी केलं ते योग्य.

कडुनिंब

आणि दिवस राहिल्यावर जो तो जी प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असतो, त्याचं?

शिंपला

आयव्हीएफमध्ये सुरुवातीचे आठवडे ते लागतंच, ते वेगळं. नैसर्गिक गर्भधारणेत रक्तस्राव झाला तर द्यायचं का, यावर इंग्लंडमध्येच प्रिझम चाचणी झाली, ४,१५३ जणी. सरसकट बघता बाळ होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७५ टक्के विरुद्ध न घेणाऱ्यांत ७२, म्हणजे ठोस फरक नाही. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७. मोठा फरक. म्हणून कोणाला द्यायचं हे बघून द्यावं, सगळ्यांना सुई टोचायची गरज नाही.

रानजाई

मंडळी, काय लिहू, इतके सगळे प्रतिसाद. दोन वेळा वाचून काढले, वहीत उतरवले. काल मुंबईला एका दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी आधी पाळीच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी केली. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून एक एक काळा ठिपका मोजून दाखवला, डावीकडे तीन, उजवीकडे चार. म्हणाल्या, एएमएच आणि हे ठिपके दोन्ही एकच सांगतायत, संख्या कमी आहे, पण वय तुमच्या बाजूने आहे. एफएसएच ९ आहे, पण इस्ट्रॅडिऑल सोबत काढलं नव्हतं ते आता काढायला सांगितलं, कारण इस्ट्रॅडिऑल वाढलेलं असेल तर एफएसएच दबून खोटं चांगलं दिसतं. आणि हो लालपरीताई, मी केसांची गोळी घेत होते! बंद केली, एएमएचसुद्धा पुन्हा देणार आहे. बायोटिनने तो खोटा कमी दाखवला असेल का?

कडुनिंबदादा, तुमचं म्हणणंही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, वाट बघत बसायचं नाही, स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ करायचं, गरज पडली तर गर्भ साठवायचे, आणि डोनरचा विचार नंतर, तोही तुम्ही दोघांनी स्वतःहून केलात तर. डोनर कायद्याचंही समजावलं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे डोनर २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. पहिल्या सेंटरने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

लालपरी_४४

काही किट्समध्ये एएमएच बायोटिनमुळे कमी दिसू शकतं, पण सोनोग्राफीतही सातच दिसतायत त्यामुळे फार मोठी उडी मारेल अशी आशा धरू नकोस. तरी पुन्हा कर, डोस ठरवायला खरा आकडा हवा. आधी कुठल्या किटवर केलं ते रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, जमलं तर त्याच पद्धतीच्या लॅबमध्ये दे.

कडुनिंब

रानजाई, फार बरं वाटलं. आमची कथा विचारली नाहीत कोणी, सांगून टाकतो. आम्ही शेवटी डोनर घेतला. मुलगा दीड वर्षांचा आहे, बायकोच्या कुशीतून हलत नाही. निर्णय आमचा होता, लाल पेनाचा नव्हता, म्हणून कधी मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

नदीष्ट

कडुनिंब ❤️

माझी बीटा (गर्भधारणेची एचसीजी रक्ततपासणी) आज आली, १४०. पण घरी किटवर मी आधीच चार दिवस बघत होते, पहिल्यांदा पुसट रेघ, मग गडद. १४० म्हणजे चांगलं ना? नेटवर कोणी ४०० लिहितंय, कोणी ५०, डोकं फुटायची वेळ आलीय.

पारिजात_वाई

अभिनंदन गं!! नेट बंद कर आधी. एका आकड्यावरून काही ठरत नाही, दुसरा ४८ तासांनी बघतात. सुरुवात १,५०० च्या खाली असेल तर दोन दिवसांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते, बहुतेकांची त्याहून जास्तच होते. म्हणजे तुझा २१० च्या आसपास किंवा वर यायला हवा. कमी वाढला तरी लगेच धीर सोडायचा नाही, डॉक्टर पुन्हा बघतात. पण एका बाजूला पोटात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, रक्तस्राव असं काही झालं तर परवाची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा, गर्भ नळीत असू शकतो. आणि इतरांसाठी, ज्यांनी एचसीजीचं ट्रिगर घेतलंय त्यांनी त्यानंतर दहा-चौदा दिवस घरी किट वापरूच नका, इंजेक्शनचंच एचसीजी रेघ दाखवतं. तुझी ट्रान्सफर फ्रोझन (गोठवलेल्या गर्भाची) होती आणि ट्रिगर नव्हतं, त्यामुळे तुझी रेघ तुझीच आहे.

नदीष्ट

परवा सकाळी रक्त देते, आकडा आला की इथेच लिहिते. केसांची गोळी नाही घेत मी, लालपरीताई विचारायच्या आधीच सांगून ठेवते 🙂

लालपरी_४४

शाब्बास. रक्त त्याच लॅबला दे, शक्यतो त्याच वेळेला.